खारा वारा आणि सुट्टीची घरे : कतारच्या किनाऱ्यावरील इमारतींची रचना व नूतनीकरण

कतार हे अरबस्तानच्या पूर्व अंगाने आखातात शिरलेले सपाट द्वीपकल्प आहे. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे 160 किलोमीटर, रुंदी 80 ते 90 किलोमीटर आणि किनारा साडेपाचशे किलोमीटरहून अधिक. देशातली बहुतेक वस्ती पूर्व किनाऱ्याला धरून आहे: अल खोर, लुसैल, दोहा, अल वकरा, मेसईद. वर्षातले काही आठवडे वापरायची किंवा पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी द्यायची घरेही याच पट्ट्यात उभी राहिली. 2004 च्या कायद्याने परदेशी नागरिकांना ठरावीक भागांत घराची मालकी घेता येऊ लागली. दोह्याच्या उत्तरेला भराव टाकून तयार केलेले ‘द पर्ल’ हे बेट त्यांतले पहिले मोठे ठिकाण. पुढे 2022 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी लाखो पाहुण्यांची सोय करायची होती, तेव्हा खासगी फ्लॅट ‘हॉलिडे होम’ म्हणून भाड्याने देण्यासाठी परवान्याची पद्धत सुरू झाली. समुद्राकडे तोंड असलेली, सुट्टीपुरती गजबजणारी आणि एरवी बंद राहणारी निवासी इमारत हा प्रकार त्यामुळे इथे चांगलाच रुजला. तिची रचना आणि तिची दुरुस्ती या दोन्ही गोष्टी शहराच्या आतल्या इमारतीपेक्षा बऱ्याच वेगळ्या आहेत.

या किनाऱ्यावर इमारतीला लाटांचे भय फारसे नाही. आखात उथळ आहे, त्याची सरासरी खोली 35 मीटरच्या आसपास, आणि अरबी समुद्रासारखी पावसाळी उसळी इथे येत नाही. खरा त्रास हवेतून येतो. प्रखर उन्हाने पाण्याची वाफ सतत होत राहते, ताजे पाणी आणणाऱ्या नद्या कतारला नाहीत, त्यामुळे जगातल्या महासागरांत लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ असते तिथे कतारभोवतीच्या पाण्यात ते 40 च्या वर जाते. पश्चिमेकडच्या सलवा उपसागरात तर 55 च्याही पुढे. हे मीठ तुषारांसोबत आणि वाऱ्यासोबत भिंतींवर, कठड्यांवर, एसीच्या जाळ्यांवर बसते. मुंबईच्या समुद्रकाठच्या इमारतींनाही खारा वारा लागतो, पण तिथे दर वर्षी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो पृष्ठभागावर साचलेले मीठ धुऊन नेतो. दोह्यात वर्षाला 75 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इथे बसलेले मीठ तिथेच राहते. रात्री हवेतली ओल शोषून ते पाणी धरते, दिवसा वाळते, वायव्येकडून येणारा ‘शमाल’ वारा त्यावर वाळवंटाची बारीक धूळ चढवतो आणि पुन्हा रात्र होते. ओले होणे आणि वाळणे यांचे हे रोजचे चक्र काँक्रीट आणि धातू या दोघांनाही मारक ठरते.

जुन्या कतारी घरबांधणीने या हवेशी जुळवून घेतले होते. किनाऱ्यावरचे प्रवाळाचे दगड, जिप्सम भाजून केलेला ‘जुस’ नावाचा चुन्यासारखा गिलावा, छताला पूर्व आफ्रिकेतून गलबतांनी येणारे खारफुटीचे वासे, त्यांवर बांबू, चटई आणि मातीचा जाड थर अशी ही घरे असत. खारफुटीचा वासा जेमतेम तीन-साडेतीन मीटरचा, म्हणून खोल्याही तेवढ्याच रुंद. दारांसाठी साग हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून येई. मोती विकायला मुंबईला जाणाऱ्या आखाती व्यापाऱ्यांची गलबते परतताना लाकूड आणि धान्य घेऊन येत. जाड भिंती दिवसाची उष्णता उशिरा आत सोडत आणि अंगणाभोवतीच्या पडवीमुळे भिंतींवर थेट ऊन येत नसे. काही घरांवर वारा खाली खेचणारा ‘बादगीर’ होता. दोह्यातले 1930 च्या दशकातले अशा मनोऱ्याचे एक घर आजही उभे आहे. या घरांत गंजायला लोखंडच नव्हते, हे सर्वांत महत्त्वाचे. दगडात मीठ शिरत होते, गिलाव्याचे पोपडे निघत होते, पण दर काही वर्षांनी गिलावा नव्याने चढवणे ही घराची नित्याची निगा होती. कतारचे पूर्वीचे शासक शेख अब्दुल्ला बिन जासिम यांचा समुद्रालगतचा जुना वाडा याच पद्धतीचा. 1970 च्या दशकात त्याची डागडुजी होऊन 1975 मध्ये तिथे राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले आणि त्या कामाला 1980 चा आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. 2019 मध्ये उघडलेल्या, झाँ नूव्हेल यांनी रचलेल्या नव्या संग्रहालयाच्या मधोमध तो वाडा पुन्हा नीट करून उभा आहे.

तेलाचा पैसा आला आणि सिमेंट-लोखंड आले. बहुमजली इमारत त्यांच्याशिवाय होत नाही. प्रश्न जमिनीपासून सुरू होतो. किनाऱ्यालगत बऱ्याच ठिकाणी ‘सब्खा’ म्हणजे मिठाने माखलेली सखल, ओलसर जमीन असते. भूजल जेमतेम एक-दोन मीटरवर, तेही समुद्राहून खारट, आणि त्यात क्लोराइडसोबत सल्फेट भरपूर. उन्हाने वरची माती वाळली की खालचे पाणी केशाकर्षणाने वर चढते आणि मीठ मागे ठेवून उडून जाते. पाया, तळघर आणि जमिनीलगतचे कॉलम या चढत्या खारेपणात बुडालेले असतात. म्हणून पायाच्या काँक्रीटला बाहेरून अखंड वॉटरप्रूफ आवरण घालावे लागते आणि ते जमिनीच्या पातळीच्या वरपर्यंत न्यावे लागते. तळाशी एखाद्या फुटाची फट राहिली तरी पाणी नेमके तिथूनच आत शिरते. पार्किंगसाठी एक-दोन मजले खाली नेण्याची हौस समुद्रकाठी महागात पडते. भरावाच्या जमिनीचे दुखणे आणखी वेगळे आहे. ‘द पर्ल’मध्ये सुमारे 40 लाख चौरस मीटर जमीन समुद्रतळ उपसून नव्याने तयार केली गेली आणि त्यातून 32 किलोमीटरचा नवा किनारा निघाला. अशा ठिकाणी इमारतीचा भार खांबपायांवरून खालच्या चुनखडी खडकात उतरवतात. इमारत त्यामुळे खचत नाही, पण भोवतीचा भराव हळूहळू बसत राहतो. पायऱ्या, फरसबंदी आणि जमिनीखालचे नळ यांच्या जोडांना थोडी हालचाल करू दिली नाही तर तडे तिथे जातात.

काँक्रीटमधली सळई का गंजते आणि का गंजत नाही, हे कळल्याशिवाय इथल्या दुरुस्तीचा अर्थ लागत नाही. सिमेंट अल्कधर्मी असते. ताज्या काँक्रीटचा सामू 12.5 ते 13 असतो, आणि एवढ्या अल्कतेत सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा धरतो. तो शाबूत आहे तोवर गंज नाही. क्लोराइडचे कण काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपत सळईपर्यंत पोचले की हा पापुद्रा जागोजाग फुटतो. सिमेंटच्या वजनाच्या सुमारे 0.4 टक्के क्लोराइड ही धोक्याची पातळी मानली जाते. मग गंज चढतो, आणि मूळ लोखंडापेक्षा तो दोन ते सहा पट जागा मागतो. आतून दाब येतो, काँक्रीटला सळईच्या रेषेत चीर पडते, पुढे आवरणाचा तुकडाच गळून पडतो. आखातात 1970 च्या दशकात घाईने झालेल्या बांधकामांत किनाऱ्याची खारट वाळू, मचूळ पाणी आणि अपुरे पाणी मारणे या तिन्ही चुका एकत्र आल्या आणि 10-15 वर्षांतच इमारती झडू लागल्या.

त्या काळात झालेली आणखी एक चूक फार शिकवून जाणारी आहे, कारण ती जाणकारीतून झाली. जमिनीत सल्फेट आहे म्हणून अभियंत्यांनी सल्फेटरोधक सिमेंट वापरले. या सिमेंटमध्ये ट्रायकॅल्शियम अॅल्युमिनेट कमी ठेवलेले असते. पण हाच घटक क्लोराइडला बांधून ठेवतो. तो कमी झाला की क्लोराइड मोकळे राहते आणि सळईपर्यंत लवकर पोचते. एका रोगाचा बंदोबस्त केला आणि दुसऱ्याला वाट मोकळी झाली. सौदी अरेबियात धहरानच्या किंग फहद विद्यापीठातल्या संशोधनाने हा उलटा परिणाम स्पष्ट दाखवला. आज उत्तर म्हणून साध्या सिमेंटचा मोठा भाग काढून त्याजागी लोखंड भट्टीतली मळी दळून, किंवा फ्लाय अॅश, किंवा अतिसूक्ष्म सिलिका मिसळतात. छिद्रे बारीक होतात, क्लोराइडची चाल मंदावते, आणि मिश्रण जमताना कमी तापते. पाण्याचे सिमेंटशी प्रमाण 0.4 किंवा त्याखाली, सळईवरचे आवरण समुद्राकडच्या बाजूला 50 ते 75 मिलिमीटर, हे आता सर्वमान्य झाले आहे. ओततानाचे तापमान 32 अंशांच्या आत ठेवायचे म्हणून उन्हाळ्यात रात्री काम होते, पाण्याऐवजी बर्फ घालतात, आणि ओतल्यावर ओले गोणपाट घालून आठवडाभर तरी ओल टिकवतात. यांतली शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त असते आणि ढिलाई होते ती तिच्यातच. पुढे 20 वर्षांनी होणाऱ्या दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा त्या पहिल्या आठवड्यातच ठरतो.

जमिनीच्या वरची रचना सूर्य ठरवतो. दोहा 25 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 21 जूनला दुपारी सूर्य क्षितिजापासून 88 अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर येतो. दक्षिणेच्या खिडकीला तेव्हा लहानसा आडवा छज्जा पुरतो. पूर्व-पश्चिमेचे तिरपे ऊन मात्र छज्ज्याखालून थेट आत येते. त्याला उभ्या पट्ट्या किंवा ‘मशरबिया’सारखी जाळीच लागते. या बाबतीत पूर्व किनाऱ्याचे भाग्य चांगले. समुद्र पूर्वेला, त्यामुळे दृश्याकडच्या बाल्कन्यांना सकाळचे ऊन मिळते आणि संध्याकाळी, माणसे बाहेर बसतात तेव्हा, इमारतीचीच सावली पडते. पश्चिमेकडे जिने, लिफ्ट, बाथरूम आणि भिंतीतली कपाटे टाकली की ती बाजू आपोआप उष्णतेचा अडसर बनते. ही साधी मांडणी असूनही अनेक काचेच्या इमारतींत ती पाळलेली नाही, आणि मग तिथे वर्षभर पडदे ओढून समुद्र झाकलेला दिसतो.

बाल्कनी हा सुट्टीच्या घराचा जीव आणि बांधकामाचा सर्वांत नाजूक भाग. ती दोन्ही बाजूंनी खाऱ्या हवेत उघडी, तिच्यातल्या सळ्या वरच्या अंगाला, आणि फरशीवर साचलेले पाणी नेमके त्या सळ्यांवर. तिला बाहेरच्या दिशेने पुरेसा उतार हवा, पाणी खालच्या पृष्ठभागावर मागे सरकू नये म्हणून कडेला खालून खाच हवी आणि कठड्याचे पाय फरशीत न रोवता बाजूने बसवलेले हवेत. कठड्याच्या स्टीलची प्रतही इथे महत्त्वाची. 304 प्रतीचे स्टेनलेस स्टील समुद्रकाठी काही महिन्यांत तपकिरी डागांनी भरते. मॉलिब्डेनम असलेली 316 ची प्रत टिकते, तिलाही गोड्या पाण्याने धुणे लागतेच. अॅल्युमिनियमच्या चौकटीत साध्या लोखंडाचे स्क्रू घातले की खाऱ्या ओलीत दोन धातूंची विद्युत घटमाला तयार होते आणि जोड कुजतो.

आता आतली हवा. युरोपीय किंवा अमेरिकी पुस्तकातून उचललेली भिंत इथे फसते, कारण तिथल्या थंडीत वाफ घरातून बाहेर जाऊ पाहते आणि म्हणून बाष्परोधक थर आतल्या अंगाला असतो. कतारमध्ये ऑगस्टच्या रात्री बाहेरच्या हवेचा दवबिंदू 28-30 अंशांपर्यंत चढतो, आत एसीने 22 अंश केलेले असतात. वाफ बाहेरून आत ढकलली जाते. बाष्परोधक आणि उष्णतारोधक थर बाहेरच्या बाजूला असायला हवेत. ते आत बसवले, किंवा आतून प्लास्टिकचा वॉलपेपर चिकटवला, तर वाफ त्याच्यामागे अडकून पाणी होते आणि काळी बुरशी धरते. हॉटेलसारखी सजावट करताना लावलेले असे वॉलपेपर नूतनीकरणात सोलून काढले की मागची भिंत कशी आहे ते दिसते. बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा खोलीत दाबाची तूट करतो आणि दारा-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची दमट हवा ओढतो, म्हणून मोठ्या इमारतींत आधी कोरडी केलेली ताजी हवा थोड्या जादा दाबाने प्रत्येक घरात सोडतात. हा एक निर्णय बुरशीविरुद्धच्या कोणत्याही रंगापेक्षा अधिक काम करतो.

थंडाव्याची व्यवस्था फ्लॅटगणिक की सामूहिक, हाही किनाऱ्यावर टिकाऊपणाचा प्रश्न होतो. बाहेर टांगलेल्या युनिटमध्ये तांब्याच्या नळीवर अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात. मीठ बसले की त्या भुगा होऊन गळतात. ‘द पर्ल’साठी 2010 मध्ये एकत्रित शीतकेंद्र सुरू झाले, 1,30,000 टन शीतक्षमतेचे, त्या वेळी जगात सर्वांत मोठे. तिथून थंड पाणी जमिनीखालच्या नळांनी इमारतींत येते. दर्शनी भिंती युनिटांपासून मोकळ्या राहतात. अशा इमारतीत लक्ष ठेवायचे ते नळांवरच्या आवरणावर. ते एका जागी फाटले की चार-पाच अंशांच्या पाण्याचा नळ घामासारखा गळू लागतो आणि खालच्या घराचे फॉल्स सीलिंग भिजते.

सुट्टीच्या फ्लॅटचा आराखडा कोण येणार यावर बेतलेला असतो. आखाती कुटुंब मोठे येते, तीन पिढ्यांचे, सोबत मदतनीस. त्यांना पाहुण्यांची बैठक म्हणजे मजलिस आणि कुटुंबाची जागा वेगळी लागते, आणि शेजारच्या बाल्कनीतून आत दिसू नये ही अपेक्षा ठाम असते. नोकरीनिमित्त राहणाऱ्या भारतीय कुटुंबांची गरज वेगळी. कतारमधला सर्वांत मोठा परदेशी समाज भारतीयांचा आहे आणि त्यात मराठी घरेही पुष्कळ. त्यांचे नातेवाईक हिवाळ्यात आले की स्वयंपाकघर खऱ्या अर्थाने चालू होते, फोडणीचा धूर होतो, आणि दाखवण्यापुरते केलेले उघडे स्वयंपाकघर अपुरे पडते. बंद करता येणारे दार आणि बाहेर हवा टाकणारी चिमणी एवढ्यावर दोन्ही प्रकारची कुटुंबे समाधानी राहतात.

अशी इमारत 15-20 वर्षांची झाली की नूतनीकरणाचा विषय निघतो आणि मालकांचे लक्ष बहुधा लॉबी, फरश्या आणि बाथरूमकडे जाते. त्याआधी सांगाडा तपासायला हवा. मुंबईत 30 वर्षांहून जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने सक्तीचे आहे; कतारच्या हवेत ते त्याहून बरेच आधी करणे शहाणपणाचे. तपासणीच्या पद्धती सोप्या भाषेत सांगता येतात. हातोडीने ठोकत जायचे. पोकळ आवाज आला की आतून पदर सुटला आहे. मग निवडक जागी छिद्र पाडून दर सेंटीमीटरची पूड वेगळी गोळा करायची आणि प्रत्येक खोलीवर क्लोराइड किती ते मोजायचे. त्यावरून मीठ सळईपासून किती दूर आहे हे कळते. ताज्या तोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलीन फवारले की अल्क शिल्लक असलेला भाग गुलाबी होतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अल्क संपलेला भाग तसाच राहतो. शेवटी पृष्ठभागावर तांबे-सल्फेटचा विद्युतघट टेकवून सळईचा विद्युतदाब मोजतात. उणे 350 मिलिव्होल्टच्या खाली गेला तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त. या आकड्यांचा नकाशा मजल्यागणिक काढला की पैसा कुठे घालायचा हे स्पष्ट होते.

दुरुस्तीतला सर्वांत प्रचलित मार्ग, म्हणजे सुटलेले काँक्रीट फोडून, सळई घासून, नवा मसाला भरणे, अर्धाच खरा आहे. गंज ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. जी जागा गंजत होती ती धनाग्र बनून आजूबाजूच्या सळईला नकळत वाचवत होती. तिला स्वच्छ मसाल्यात गुंडाळले की ती सुरक्षित होते आणि शेजारची, मीठ असलेली जागा आता गंजू लागते. दोन-तीन वर्षांत ठिगळाभोवती गोल तडे येतात आणि रहिवासी कंत्राटदाराला दोष देतात. म्हणून फोडाफोड सळईच्या मागेपर्यंत करतात आणि ठिगळाच्या कडेला जस्ताचे छोटे बळी-अग्र बांधतात. जस्त आधी गंजते, लोखंड वाचते. ही युक्ती मुळात जहाजांची. 1824 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी तांब्याचा पत्रा मढवलेल्या जहाजांसाठी ती सुचवली होती. बाहेरून सूक्ष्म वीजप्रवाह देऊन सळईला ऋणाग्र करण्याची पद्धत काँक्रीटवर प्रथम 1973 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका पुलावर वापरली गेली. किनाऱ्यावरच्या तळघरांना आणि पायांना आज तीच बसवतात. क्लोराइड खूप खोल गेले असेल तर दुसरा स्वस्त उपाय उरत नाही.

2000 नंतरच्या अनेक इमारतींत स्लॅब पोस्ट-टेन्शन पद्धतीचे आहेत, म्हणजे आत ताणलेल्या पोलादी तारा आहेत. अशा स्लॅबमधून नव्या बाथरूमचा नळ काढायला ड्रिल लावण्यापूर्वी रडारने तारांची जागा शोधावीच लागते. एक तार तुटली तर तिच्यातला सगळा ताण क्षणात सुटतो. संडास-बाथरूम मूळ जागेवरून न हलवता नूतनीकरण करणे म्हणूनच शहाणपणाचे.

दर्शनी भिंत नवी करताना आगीचा विचार टाळता येत नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 रोजी 72 माणसे गेली, आणि तिथे आग पसरवणारे पत्र्यांचे आवरण नूतनीकरणातच चढवलेले होते. दोन अॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये पॉलिथिलीन भरलेले तेच पत्रे आखातातल्या कित्येक उंच इमारतींवर लागले होते. दुबईत 31 डिसेंबर 2015 च्या रात्री एक मोठे हॉटेल बाहेरून पेटले. कतारने स्वतः 28 मे 2012 रोजी व्हिलाजिओ मॉलच्या आगीत 19 जीव गमावले, त्यांत 13 लहान मुले होती. समुद्राकाठी वारा जोराचा असतो, पत्र्याआडच्या पोकळीतून ज्वाळा झपाट्याने वर चढते. जुने पत्रे काढायचे असतील तर त्याजागी न जळणाऱ्या खनिज गाभ्याचे पत्रे, प्रत्येक मजल्यावर पोकळीत आग अडवणारा पट्टा आणि न जळणारे दगडी लोकरीचे उष्णतारोधन हवे. सजावटीचे पैसे वाचवून इथे घालावेत.

कामाचे वेळापत्रक हे या प्रदेशातले स्वतंत्र कोडे आहे. पाहुणे नोव्हेंबर ते मार्च येतात, उन्हाळ्यात इमारत रिकामी असते, म्हणून नूतनीकरण उन्हाळ्यात करावे असे मालकाला वाटते. पण 2021 च्या नियमानुसार 1 जून ते 15 सप्टेंबर या काळात सकाळी 10 ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करता येत नाही, आणि उष्णता व दमटपणा एकत्र मोजणारा निर्देशांक 32.1 अंशांवर गेला की कोणत्याही वेळी काम थांबवावे लागते. हा नियम पाळला जाणे ही माणुसकीची किमान अट आहे. परांचीवर लटकून काँक्रीट फोडणारे हात बहुतेक भारत, नेपाळ आणि बांगलादेशातून आलेले असतात. रात्री काम करावे तर दुसरी अडचण उभी राहते: वॉटरप्रूफिंग आणि इपॉक्सीचे थर द्यायचे तर पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान 3 अंशांनी गरम हवा. आतल्या एसीने गार पडलेला बाल्कनीचा स्लॅब रात्री दवबिंदूखाली असतो, त्यावर न दिसणारे पाणी धरते आणि थर पुढच्या वर्षी पापुद्र्यासारखा निघतो. म्हणून जाणते कंत्राटदार बाहेरची कामे ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिलमध्ये घेतात, उन्हाळ्यात फक्त आतली. घरे बंद करायची तीही मजल्यागणिक नव्हे, एका नळावर येणारी वरपासून खालपर्यंतची रांग एकदम. तशी केली की पाण्याचे आणि सांडपाण्याचे उभे नळ एकाच वेळी बदलता येतात आणि बाकीची इमारत चालू राहते.

कतारमधले समुद्रकाठच्या मोठ्या नूतनीकरणाचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण हॉटेलचे आहे. वेस्ट बेच्या भरावावर 1982 मध्ये उघडलेले दोह्याचे शेरेटन, विल्यम परेरा यांनी रचलेले. सॅन फ्रान्सिस्कोचा ट्रान्सअमेरिका पिरॅमिडही त्यांचाच. शेरेटनही पिरॅमिडच्या आकाराचे आहे. प्रत्येक मजला मागे सरकतो, खोल्यांना उघडी बाल्कनी आणि समुद्र मिळतो, आत एक उंच चौक आहे. जागतिक व्यापार संघटनेची ‘दोहा फेरी’ सुरू झाली ती नोव्हेंबर 2001 ची परिषद इथेच भरली. 2014 मध्ये हॉटेल बंद ठेवून त्याचे आतून सर्वांगीण नूतनीकरण झाले, आणि शहराच्या ओळखीचा तो बाह्याकार तसाच ठेवला गेला. सभोवती काचेचे मनोरे उभे राहिलेल्या वेस्ट बेमध्ये ही निवड योग्यच म्हणावी लागेल. संपूर्ण बंद ठेवून काम करण्याचा फायदा हॉटेलच्या एका मालकाला घेता येतो. शंभर मालकांच्या फ्लॅट-इमारतीला तो मिळत नाही, म्हणून तिथे उभ्या रांगांची पद्धत आणि आधीपासून साठवलेला दुरुस्ती निधी हेच दोन आधार.

काम संपल्यावरही सुट्टीच्या घराचा एक दोष उरतो. ते उन्हाळ्यात बंद असते, आणि वीज वाचवण्यासाठी मालक एसी पूर्ण बंद करून जातो. काही आठवड्यांत आतली हवा बाहेरइतकी दमट होते, गाद्यांना, चामड्याच्या वस्तूंना, लाकडी कपाटांच्या पाठींना बुरशी लागते, सांडपाण्याच्या सापळ्यातले पाणी आटून दुर्गंधी आणि झुरळे घरात येतात. म्हणून नूतनीकरणात थर्मोस्टॅटला आर्द्रतेचा संवेदक जोडतात: घर रिकामे असताना तापमान 27-28 अंश चालते, पण आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की यंत्र आपोआप सुरू होते. सापळ्यांत थोडे खनिज तेल ओततात, म्हणजे पाणी आटत नाही. गच्चीवरच्या टाक्या सावलीत घेऊन त्यांना उष्णतारोधक आवरण देतात, नाहीतर ऑगस्टमध्ये ‘थंड’ नळाला अंगावर घेता येणार नाही एवढे गरम पाणी येते. आणि देखभालीच्या करारात वर्षातून किमान दोनदा, एकदा शमालचे महिने सरल्यावर आणि एकदा हंगामाच्या आधी, कठडे, खिडक्यांच्या चौकटी व समुद्राकडची भिंत गोड्या पाण्याने धुण्याचे कलम घालतात. कतारमध्ये हे पाणी समुद्राचेच खारेपण काढून तयार केलेले असते, त्यामुळे ते जपून, कमी दाबाच्या फवाऱ्याने वापरले जाते.